नंतर बघून घेऊ

आमच्या घराण्यात कुणी ‘बघून घेतो’ म्हणाला, की समोरचा माणूस चपला शोधत बसायचा नाही, तसाच अनवाणी निघायचा. माझ्या चुलत आजोबांनी बांधाच्या भांडणात एकाला ‘सुगी होऊ दे, मग बघून घेतो’ असं सांगितलं होतं. सुगी झाली, धान्य घरात आलं, आणि आजोबा शांतपणे जाऊन त्या माणसाचा हात कोपरात मोडून आले. येताना वाटेत मारुतीला नारळ फोडला. आबा, म्हणजे माझे वडील, फौजेतून सुभेदार होऊन परत आले होते. त्यांचा हात कधी शब्दाच्या आधी यायचा, कधी शब्दाऐवजी. धाकटा भाऊ तालमीत वाढलेला. त्याच्या दंडावर माझी बायको गमतीने नारळ फोडायला निघाली होती.

आणि या वंशात मी. मारामारीचा वास आला की मला आधी लघवीला लागायची. तिसरी-चौथीत असताना आबांनी एकदा विचारलं, “आज कुनाला मारलंस?” मी म्हणालो, “कुणालाच नाही.” त्यावर त्यांनी मला मारलं. माझ्या हातून आयुष्यात डास सोडून काही मेलेलं नाही, असं मी लग्नाच्या आधीच बायकोला सांगून टाकलं होतं, आणि तिने ते गुण म्हणून नोंदवून घेतलं होतं. हे सगळं आधी सांगतो, कारण पुढे जे झालं ते माझ्या नावाला शोभत नाही.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. मी साताऱ्यात स्टँडजवळच्या एका फोटो स्टुडिओत डार्करूम सांभाळत होतो. थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, पुण्यात दुर्बिणीच्या एका कारखान्यात भिंगं घासायला होते. तिथल्या साहेबाला त्याच्या टेबलासकट उलटा केल्यामुळे ते साताऱ्यात आले. येताना डोक्यात एक कल्पना घेऊन आले, ती त्यांना कारखान्याच्या रद्दीतल्या कुठल्यातरी विलायती मासिकात सापडली होती. आम्ही दोघांनी मिळून कंपनी काढली. एमआयडीसीत तारेच्या जाळ्या विणणाऱ्या एका शेडचा मागचा अर्धा भाग ही आमची कंपनी. पुढे दिवसभर खटाखट खटाखट जाळी विणायची, मागे आम्ही जगातला नवा कॅमेरा करत होतो.

तो कॅमेरा असा. साधा कॅमेरा एका डोळ्याने बघतो. ज्याच्यावर नेम धरला तो स्पष्ट येतो, त्याच्या पुढचे-मागचे धूसर होतात. एकदा बटण दाबलं की पुन्हा काही करता येत नाही. आमच्या पेटीला सोळा भिंगं होती, चार ओळींत चार-चार. मोठ्या फिल्मच्या एकाच तुकड्यावर, ज्याला आम्ही प्लेट म्हणायचो, एकाच क्षणाचे सोळा छोटे फोटो यायचे, प्रत्येक किंचित वेगळ्या जागेवरून बघितलेला. मग डार्करूममध्ये ते सोळाही फोटो एकाच कागदावर एकावर एक छापायचे, प्रत्येक वेळी कागद थोडासा सरकवून. दाजींनी त्यासाठी खुणा कोरलेली एक सरकफळी केली होती. कागद कमी सरकवला तर मागचा माणूस स्पष्ट यायचा, जास्त सरकवला तर पुढचा. बाकीचे धूर होऊन जायचे. म्हणजे फोटो आज काढायचा आणि फोकस कुणावर ते पुढच्या आठवड्यात चहा पीत ठरवायचं.

“उजेड नुसता येत न्हाई, पाव्हणं,” दाजी मला सांगायचे. “कुठनं आलो तेबी सांगत असतो. ऐकून घेनारं कुनीतरी पायजे.”

उजेडाचं इतक्या प्रेमाने ऐकणारे दाजी माणसाचं मात्र एक अक्षर ऐकत नसत. पहिली पेटी त्यांनी हातोडीने फोडली, कारण भिंगं एका रेषेत बसेनात. दुसरी भिंतीवर फेकली. तिसऱ्या पेटीच्या वेळी मी ‘जरा डावीकडे घ्या’ एवढंच म्हणालो, तर हातातलं भिंग माझ्या भुवईवर आलं. तिथे अजून केस उगवत नाहीत. चौथी पेटी मात्र चालली. त्या दिवशी दाजींनी मला मिठी मारली, आणि खरं सांगतो, त्या मिठीनेही बरगडी दुखली.

कंपनीचं नाव काही ठरेना. दाजींना देवाचं हवं होतं, मला इंग्रजी. दोन महिने भांडून शेवटी ठरलं की फलकावर नुसतं घोषवाक्य लिहायचं. ते मी तयार केलं, कारण आमच्यात शिकलेला मीच: ‘आत्ता फोटो काढू, फोकसचं नंतर बघून घेऊ.’ शेडच्या फलकावर ते नीट बसलं. पेटी न्यायच्या लाकडी खोक्यावर मात्र पेंटरला जागा पुरेना. तो म्हणाला, “शेवटचे तीनच शब्द घेतो, त्यातच मजा हाय.” मी हो म्हणालो. त्याच्याकडे त्या दिवशी लाल रंगच शिल्लक होता. त्याने वीतभर अक्षरांत, खाली काळी सावली देऊन लिहिलं: ‘नंतर बघून घेऊ’.

दुसऱ्या दिवशी जाळीवाले शेठ हात जोडून मागे आले. “दाजी, माझं काय चुकलं असेल तर सांगा. मशीनचा आवाज कमी करू का?” आम्ही हसून हसून लोळलो. त्यांनी दिलेला इशारा कळण्याइतकी अक्कल दोघांपैकी एकालाही नव्हती.

पेटीची पहिली खरी परीक्षा म्हणून आम्ही चुलत बहिणीचं लग्न निवडलं. लग्न नवरदेवाच्या गावी होतं, इस्लामपूरच्या पुढे, उसाच्या पट्ट्यात. दुपारचा मुहूर्त. आम्ही टेम्पोतून वऱ्हाडाबरोबर खोकं नेलं, गोधडीत गुंडाळून. चुलत बहिणीला सख्खा भाऊ नव्हता, म्हणून कानपिळीचा मान आमच्या धाकट्याला. धाकटा खुशीत होता. वीस दिवसांनी त्याला फौजेत हजर व्हायचं होतं. भरती झाली, मेडिकल झालं, आता फक्त पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला यायचा राहिला होता. आबांचे गावभर पेढे वाटून झाले होते. मी आबांना इतकं आनंदी कधी पाहिलं नव्हतं. माझ्या लग्नातसुद्धा नाही.

आम्ही मांडवात पेटी उभी केली, खोकं तिच्या पायाशी ठेवलं, अक्षरं नेमकी नवरदेवाच्या बाजूला. तिकडून नवरदेवाचे मामा आले. पन्नाशीचा, आडव्या हाडाचा माणूस, मिशा पिळलेल्या. त्यांचं वाचन जरा सावकाश होतं, त्यामुळे त्यांनी ते तिन्ही शब्द मोठ्याने, सुटे सुटे वाचले.

“नंतर. बघून. घेऊ.” मग त्यांनी वर पेटीच्या सोळा डोळ्यांकडे पाहिलं. “कुनाला बघून घेनार हाय?”

“सगळ्यास्नी,” दाजी म्हणाले. ते अर्थात फोकसविषयी बोलत होते. “पुढच्याला बी आन् मागच्याला बी. ह्यातनं एकबी सुटत न्हाई.”

“आमच्याच मांडवात येऊन?”

“मांडव कुनाचाबी असूं द्या की. उजेड आसला म्हंजे झालं.”

आता शिकलेल्या माणसाने मध्ये पडायला हवं असं मला वाटलं. मी पुढे होऊन अदबीने म्हणालो, “मामा, तुमचा गैरसमज होतोय. इथं नुसतं धरायचं. मग साताऱ्याला नेऊन, अंधाऱ्या खोलीत, एकेकाला सावकाश बघायचं.”

मामांनी मला खालून वर पाहिलं. माझ्या सफारीच्या खिशाला चार पेनं होती. “ह्यो कोन मास्तर?” त्यांनी विचारलं, आणि कुणी उत्तर द्यायच्या आत ते आपल्या माणसांत गेले. तिथे काय बोलले ते ऐकू आलं नाही, पण त्यांच्याकडच्या चार-पाच पोरांनी बाह्या मागे सारल्या.

अक्षता पडल्या. होम झाला. कानपिळी आली. ही आमच्याकडची साधी थट्टा असते. मुलीच्या भावाने नवरदेवाचा कान धरायचा, माझ्या बहिणीला नीट सांभाळ एवढाच त्याचा अर्थ, आणि बदल्यात टॉवेल-टोपी घ्यायची. धाकट्याने मुंडावळ्यांच्या आतून हात घालून कान धरला. हात तालमीतला. आणि नवरदेवाने हौसेने कानात सोन्याची बाळी घातली होती, ती मुंडावळ्यांखाली झाकलेली. धाकट्याने पिळलं आणि बाळी पाळीतून फाडून बाहेर आली. नवरदेव किंचाळला. पांढऱ्या सदऱ्यावर खांद्यापासून छातीपर्यंत रक्त उतरलं. धाकटा हातातल्या बाळीकडे बघत राहिला.

“झाली बगा सुरुवात!” मामा ओरडले. “हेच बघून घेनार हुते!”

पहिली थप्पड नवरदेवाच्या मित्राने धाकट्याला मारली. दुसरी कुणी कुणाला मारली ते मोजायला वेळ झाला नाही. धाकट्याने त्या मित्राला कंबरेत धरून होमकुंडाशेजारी आपटला, ते आपटणं मी टाचांतून ऐकलं. आबा काठी घेऊन उठले. मांडवाचा एक वासा उपटला गेला आणि त्याच वाशाने आमच्या एका चुलत्याचे पुढचे दोन दात गेले. ते त्यांनी तळहातावर घेऊन बघितले आणि खिशात ठेवले. बुंदीच्या कढईत कुणाचं तरी डोकं गेलं. बायका नवरीला मध्ये घेऊन घट्ट उभ्या होत्या आणि त्यांच्यातली एक लाटण्याने, कुठल्या बाजूचा ते न बघता, जवळ येईल त्याला हाणत होती. धाकट्याने डोक्यावर चौरंग उचलला होता. तो चौरंग वर होता तोपर्यंत त्याच्याभोवती जागा मोकळी होती, एखाद्या दिव्याभोवती असते तशी.

या सगळ्यात दाजी पेटीला पाठीने झाकून उभे होते. त्यांना दोन लाथा बसल्या. तिसरी बसायच्या आत त्यांनी मान वळवून मांडवाकडे पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर, देवाशपथ, आनंद पसरला.

“पाव्हणं!” ते मला ओरडून म्हणाले. “अंतरं काय मस्त पडल्यात!” आणि त्यांनी शटरची दोरी ओढली. सोळा भोकांची पितळी पट्टी खट्‌कन सरकली.

मी तेव्हा कुठे होतो? पुढे कित्येक दिवस मी सगळ्यांना, आणि स्वतःलाही, हेच सांगत होतो की मी खांबाआड होतो. होतो, हे खरं आहे. पण खांबाआडूनही लोक येत होते. म्हणून मी नवरदेवाचा पाट ढालीसारखा पुढे धरला. सागवानी पाट, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या. कुणीतरी समोर आलं असं वाटलं. मी डोळे गच्च मिटले आणि पाट फिरवला. काहीतरी लागलं. मी पाट टाकला आणि उसात पळालो. एवढंच. उसात बसून मी लघवी केली.

परत आलो तेव्हा मारामारी थांबली होती. मामा उताणे पडले होते, दोन्ही तळहात डाव्या डोळ्यावर, आणि बोटांच्या फटींतून रक्त येत होतं. त्यांच्याशेजारी धाकट्याचा चौरंग मोडून पडला होता. त्यांना मिरजेला नेलं. चौथ्या दिवशी कळलं की डोळा वाचला नाही.

तक्रार धाकट्याच्या नावाने झाली. झाली तर काय नवल? चौरंग त्याचाच. मी त्याला विचारलं, “तू मारलंस मामांना?” तो कपाळ चोळत म्हणाला, “मीच आसंन, दादा. लय जनांना लागलं माझं. त्यातच त्येबी आसतील.” म्हणजे त्याचंही स्वतःविरुद्ध मत. आता दाखला मिळणार नव्हता, आणि दाखल्यावाचून फौज नव्हती. आबा बोलेनासे झाले. हात उगारेनासेही झाले, आणि ते जास्त भीतीदायक होतं.

तेव्हा दाजींना आठवलं. “आवं आबा, प्लेट हाय की आपल्याकडं! सगळा मांडव हाय तिच्यात. कुनी मारलं ते नंतर बघून घेऊ म्हनलं हुतं न्हवं? ती नंतरची येळ आली आता.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शेडमध्ये जमलो. आबा आणि धाकटा बाहेर, दाजी आणि मी डार्करूममध्ये. फिल्म धुतली. सोळा चौकटी, सोळा मारामाऱ्या, नखाएवढ्या. पहिला कागद आम्ही पुढच्या अंतरासाठी छापला, एकामागून एक सोळा वेळा, प्रत्येक वेळी सरकफळी एक मोठी खूण पुढे. पाण्यात कागद हलवला आणि धाकटा वर आला. दंडाच्या शिरा, दात, डोक्यावर चौरंग, इतका स्पष्ट की लाकडाच्या रेषा मोजाव्यात. त्याच्यामागे सगळं धुकं, आणि त्या धुक्यात कुणीतरी मागे पडतंय एवढंच दिसत होतं.

दाजी कागद घेऊन नाचत बाहेर गेले. “बगा आबा, काय शार्प आलाय! चौरंगाचा खिळा बी दिसतोय!”

आबांनी फोटो पाहिला. त्यात त्यांचा मुलगा फासावर जाण्याइतका स्पष्ट होता. त्यांचा हात दाजींवर उठला, आणि जावई म्हणून हवेत थांबला. मग तो तिथून वळून माझ्या कानाखाली बसला. इतक्या दिवसांनी आबांचा हात सुटला म्हणून मला, खरं तर, जरा बरंच वाटलं.

आम्ही पुन्हा आत गेलो. सरकफळी लहान खुणांवर घेतली, मागच्या अंतरासाठी. सोळा वेळा उजेड, सोळा वेळा सरकवणं. कागद पाण्यात टाकला. आधी धाकटा यायला हवा होता तिथे नुसता राखी डाग आला. त्याचा चौरंग पातळ होऊन हवेत विरला, वरच्या वरच, कुणाच्याही डोक्यापासून लांब. मग त्या डागातून मामा वर आले. त्यांच्या डोळ्यापाशी पाटाचा कोपरा, पितळी पट्टी चमकणारी. मग पाट धरलेले हात. मग खिसा. खिशाला चार पेनं.

आमच्या अख्ख्या वऱ्हाडात चार पेनं लावणारा माणूस एकच होता. चेहरा त्यानंतर आला. दात विचकलेले, मान खांद्यात गेलेली, आणि डोळे गच्च मिटलेले. जगातला नवा कॅमेरा करणाऱ्या कंपनीचा अर्धा मालक. त्याच्यासमोर सोळा डोळे टक्क उघडे होते, आणि त्याला देवाने दिलेले दोन त्याने बंद करून ठेवले होते.

दाजींनी लाल दिव्याखाली तो कागद पालथा केला. बाहेर जाळीचं मशीन खटाखट चाललं होतं.

“कागद वाया गेला म्हनू,” दाजी शेवटी हळू आवाजात म्हणाले. ते हळू बोलू शकतात हे मला तेव्हा कळलं. “प्लेटवर एक वरखडा पडला की मिटलं. माझ्या हातनं लय पेट्या फुटल्यात, कोन शंका घेनार न्हाई.”

मी इथे फार थोर काही म्हणालो असं लिहायला मला आवडलं असतं. मी म्हणालो, “खरंच?” आणि प्लेट त्यांच्या हातात दिली. दाजींनी भिंग कापायची हिऱ्याची लेखणी उचलली. तेवढ्यात मशीन थांबलं, आणि भिंतीपलीकडून धाकट्याचा श्वास ऐकू आला. तो शेडच्या मागे जोर काढत होता. एकशे बारा, एकशे तेरा. फौजेला जायचं नाही हे जवळजवळ ठरलं होतं आणि तो रोजचे दोनशे जोर पुरे करत होता. मामांना आपणच मारलं असेल असं कबूल करून तो जोर काढत होता.

मी दाजींच्या हातातून प्लेट घेतली. थोडी ओढाताण झाली, माझी करंगळी कापली. फोटोच्या कोपऱ्यावर तिचा डाग अजून आहे.

आबांनी दुसरा कागद उन्हात धरून पाहिला. बराच वेळ. आणि त्यांच्या मिशीखाली एक क्षणभर काहीतरी हललं. मी त्यांचा मुलगा, मला ते ओळखू आलं. तो अभिमान होता. मी अखेर कुणाला तरी मारलं होतं. आयुष्यभर ज्या नजरेची मी वाट बघितली, ती मला एका माणसाच्या फुटलेल्या डोळ्याच्या बदल्यात मिळत होती. मग त्यांनी फोटो आणखी जवळ घेतला. तो अभिमान गेला.

“डोळं मिटून मारतोस व्हय रं?” त्यांनी विचारलं.

मी कापलेल्या करंगळीभोवती रुमाल गुंडाळू लागलो.

“मिरजेला जा. त्येंच्या पायाशी ह्यो कागद ठेव. आमी कुनी येनार न्हाई. मारायला एकटा गेला हुतास, आता मार खायला बी एकटा जा.”

एसटीने मी मिरजेला गेलो. कराडपासून खिडकीतून फक्त ऊस दिसत होता आणि मला तो बघवत नव्हता. दवाखान्याच्या आवारात मामांचे दोन मुलगे भेटले. मला वाटलं होतं आधी मामांना सांगावं, पण थोरल्याने विचारलं, “तू कशाला आलास?” आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “डोळा मी फोडला. धाकट्याने नाही.”

त्यांनी मला तिथेच, चिंचेखाली घेतलं. पहिला ठोसा नाकावर. मी पडलो, मग लाथा बसल्या, बरगडीत, पाठीत, मांडीत. एकाने केस धरून डोकं वर केलं, दुसऱ्याने तोंडावर मारलं, ओठ दातांत घुसला. या वेळी मी डोळे उघडे ठेवले. त्याने मार कमी लागत नाही, एवढं अनुभवाने सांगतो. पण मारणाऱ्याचा चेहरा दिसतो. मामांचा लहान मुलगा रडत मारत होता.

कुणीतरी आरडाओरडा केला आणि मामा स्वतः भिंत धरत व्हरांड्यात आले. अर्ध्या तोंडावर पट्टी. “सोडा रं त्येला,” ते म्हणाले. मुलांनी सोडलं. मी रक्ताळलेल्या हाताने पाकिटातला कागद काढून त्यांना दिला आणि काय झालं ते सांगितलं. डोळे मिटले होते, तेही. उसात काय केलं, तेही.

मामांनी फोटो उजव्या डोळ्याजवळ धरला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला. शेवटी बोट ठेवून विचारलं, “ह्यात मी काय करतुया?”

मी पाहिलं. दोन दिवस मी त्या कागदात फक्त स्वतःला बघत होतो. मामांचे दोन्ही हात वर होते, तळवे उघडे, बोटं पसरलेली. तोंड ओरडायला उघडं. हातांत काही नव्हतं. ते धाकट्याच्या आणि आपल्या पोरांच्या मध्ये आडवे उभे राहून पोरांना थांबवत होते. साऱ्या मांडवात भांडण सोडवणारा हा एकच माणूस होता, आणि मी नेमका त्याचा डोळा फोडला होता.

“सोडवताय तुम्ही,” मी म्हणालो.

“सोडवतुय न्हवं?” मामा म्हणाले. त्यांनी मुलांकडे कागद केला. “बगा! आठ दीस झालं सांगतुय, मी सोडवत हुतो. तुमची आत्या म्हंती, तुजी जीभ नडली, तूच पेटवलंस. बोलाय मी बोललो, चुकलं माझं. पर थांबा थांबा म्हनून घसा फाटला माझा, कुनी ऐकलं न्हाई. आन् कुनी मानलं बी न्हाई.” ते व्हरांड्याच्या कठड्यावर बसले आणि उरलेल्या डोळ्याने रडले. मुलगे फोटोकडे बघत उभे राहिले.

मग मामांनी मला जवळ बोलावलं. “कानपिळी झाली न्हाई धड,” ते म्हणाले आणि माझा उजवा कान धरून असा पिळला की मी गुडघ्यावर आलो. त्यात थट्टा नव्हती. बराच वेळ त्यांनी सोडला नाही.

मामांनी जबाब बदलला. गर्दीत पाय घसरला आणि पाटावर पडलो, असं हवालदाराला लिहून दिलं. पाटावर पडलो हे एका अर्थी खरंच होतं. फक्त पाट माझ्या हातात होता. दाखला वेळेत आला. धाकटा फौजेत गेला, वीस वर्षांनी आबांसारखीच मिशी घेऊन परत आला. मामांना मात्र ट्रॅक्टर पुन्हा चालवता आला नाही. डाव्या बाजूचे सरी-वरंबे दिसेनात म्हणून त्यांनी तो विकला.

कंपनीत त्यानंतर माझं मन लागेना. दाजींनी वर्षभर एकट्याने रेटलं, मग चौथी पेटीही हातोडीखाली गेली. पुढे बऱ्याच वर्षांनी परदेशात कुणीतरी असाच कॅमेरा बाजारात आणला. त्याला लाइट-फील्ड असं भारदस्त नाव होतं. दाजींनी पेपर माझ्यासमोर आपटला आणि म्हणाले, “बघून घेतो त्येंना!” आता तर माझ्या मुलीच्या मोबाइलमध्येही फोटो काढल्यावर मागाहून फोकस बदलता येतो. ती मला दाखवत होती. मी म्हणालो, छान आहे, आणि फोन तिला परत दिला.

मामांकडे मी वर्षातून एकदा जातो, उसाला तोड आली की. तो फोटो त्यांनी चौकट करून पुढच्या सोप्यात लावला आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते आपले पसरलेले हात दाखवतात. मला बसायला त्या फोटोखालीच जागा असते. जेवायला पाट मांडतात, सागवानी, पितळी कोपऱ्यांचा. दुसरं काही नाही असं नव्हे, घरात खुर्च्या आहेत.

मी खाली मान घालून जेवतो. माझ्या उजव्या हाताला बसलेले मामा माझ्याकडे बघायला पूर्ण मान वळवतात, कारण डाव्या बाजूचं त्यांना दिसत नाही.

“वर बग की जरा,” ते म्हणतात.

मी बघतो.